दोन तृतीयांश खून घेऊन आटपाडीला

मेढ्याच्या स्टँडवर सहाची सातारा गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, आईने दिलेला डबा आणि दोन तृतीयांश खून होता. उरलेला एक तृतीयांश आणायला मी सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, आटपाडीला निघाले होते. संध्याकाळी परत यायचंच होतं. उद्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साताऱ्यात दाखल करायचं होतं आणि परवा सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. "खुनी कळल्याबिगर मी टेबलावर झोपायचा न्हाई," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. माजी हवालदाराशी वाद कोण घालणार?

भानगड जुनी आहे. आबा फौजेत असताना त्यांच्या सरहद्दीवरच्या चौकीवर वर्षातून एखादं पुस्तक पोचायचं आणि वाचणारे डझनभर. मग जवान पुस्तकाचे शिवणीवर तीन तुकडे करायचे आणि ज्याला जो मिळेल तो वाचायचा. वाचून झालेला तुकडा दोऱ्याने बांधून पुढच्याला द्यायचा. पाळी नसताना गाठ सोडली की तो माणूस वाचनातून बाद. ही रहस्यकादंबरी फिरत असताना आबांचे दोस्त बिराकाका यांची बदली झाली, शेवटचा तुकडा त्यांच्या ट्रंकेतून गेला आणि पहिले दोन आबांपाशी राहिले. पुस्तकाचं मुखपृष्ठ आधीच फाटलेलं, नाव कुणालाच आठवेना. गेल्या महिन्यात काकांचा फोन नंबर मिळाला. काका उत्साहाने खुन्याचं नाव सांगायला लागले तसा आबांनी फोनच कापला.

आबांनी मला ही कादंबरी कधी वाचू दिली नव्हती. आज काकांना द्यायला म्हणून पहिले दोन तुकडे माझ्या हाती आले आणि सातारा सुटायच्या आत मी त्यात बुडाले. घाटातला डाकबंगला, दरड कोसळून बंद झालेला रस्ता, आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेला कंत्राटदार. त्याच्याशिवाय बंगल्यात पाच पाहुणे, त्यांत एक डॉक्टर, आणि एक आचारी. कराडला गाडी बदलली, उसाचे फड मागे पडले, विट्याला जागा मिळाली नाही तरी मी उभ्याने वाचत राहिले. शेजारच्या बाई मघापासून पाहत होत्या.

"काय वाचताय एवढं?"

"खुनाची गोष्ट."

"मग कुणी केला?"

"तेच बघायला आटपाडीला चाललेय," मी म्हणाले. बाई जरा सरकून उभ्या राहिल्या.

आटपाडीच्या अलीकडे उतरले तेव्हा डॉक्टरवरचा माझा संशय पक्का झाला होता. उजाड माळ, मध्येच डाळिंबाची बाग, आणि बागेच्या कडेला वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी) दुरुस्त करत बसलेले बिराकाका. काकूंनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) वाढलं. काका मात्र तुकडे हातात घेऊन नुसते चाळत होते.

"लय वंगाळ झालं बघ पोरी," ते म्हणाले. "मला शेवटचा तुकडा पयला गावला. खुनी कळला, पर संशय घ्यायचं राहूनच गेलं. आता ह्ये वाचलं तरी मला म्हाईतच हाय की."

त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी ट्रंकेतून तिसरा तुकडा काढला, काळ्या लोकरीच्या दोऱ्याने बांधला आणि डाव्या हाताने गाठ ओढून आवळली. "ही गाठ तुझ्या बापानंच शिकवलीया. त्यालाच सोडू दे."

मी मान डोलावली. तेव्हा खोटं बोलायचा माझा विचार नव्हता.

भिवघाटला गाडी बंद पडली. दुसरी यायला दीड तास, असं कंडक्टरने सांगितलं. चहा दोनदा झाला. आबा बसले असतील वाट बघत, गाडी आलीच नाही तर, हा घोर होताच. पण त्याहून जास्त तो डॉक्टर मला छळत होता. शेवटी टपरीमागच्या दगडावर बसून मी गाठ सोडली. एका दमात सगळं वाचलं. डॉक्टर नव्हता. खरं नाव आलं तेव्हा अंगावर काटा आला आणि लगेच आबा आठवले. चार वेळा सोडून बांधल्यावर गाठ पहिल्यासारखी दिसायला लागली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा कॉटवर बसून होते. त्यांनी तुकडा घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि चष्मा लावला.

"बिरा डावखुरा हाय," ते म्हणाले. "ही गाठ उजव्या हाताची."

मला मान वर करता येईना. चूक झाली, एवढंच म्हणाले. वाटलं, आता ओरडतील. आबांनी मात्र चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी तो तुकडा तसाच माझ्या मांडीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. नाव सांगू नगंस. मी परत आलो की बघू."

"पण तुम्हालाच तर ऑपरेशनआधी कळायला हवं होतं ना?"

"व्हय. पर आत जाताना कायतरी बाकी असल्यालं बरं."

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर तो तुकडा घेऊन बसले होते. मला खुनी माहीत होता आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. बिराकाकांचं दुःख मला तिथे कळलं. संशय घ्यायची सगळी चैन आत टेबलावर झोपलेल्या माणसाकडे होती, आणि तो माणूस मला परत हवा होता.

नवव्या दिवशी गाडी करून आबांना मेढ्याला आणलं. छातीशी उशी धरून ते सबंध रस्ता गप्प होते. आईला वाटलं दुखतंय. गाव दिसायला लागलं तसे ते माझ्याकडे वळले.

"आचारी?"

मी मान हलवली. नाही. आबा चुकले होते, आणि त्यांचा चेहरा मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खुललेला पाहिला. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"आता सांगू नगंस. अजून पाच जण हायत."