रघूचा अर्धा राहिलेला ळ

माझा लेक गेल्याचं कळवलं, तर पहिलं उत्तर आलं: "मग आता तो ळ कोण दुरुस्त करणार?"

थू.

श्रुती म्हणते, आजी, पोस्टमध्ये थू लिहू नये. मी म्हटलं, लिही. बोलणारी मी, तू फक्त टाइप कर. मला कुठे अक्षर येतं!

आज रघूचा दिवस, तो गेला ती तारीख.

तेव्हा जयनगरात आमच्या रस्त्यावर कॉम्प्युटर असलेलं घर एकच, आमचं. रघू दिवसा ऑफिसला जायचा, संध्याकाळी त्या डब्यासमोर.

मराठी आणि कन्नड टाइप करायचा प्रोग्राम त्यानं एकट्यानं केला, इंटरनेटवर फुकट ठेवला. आतली कारागिरीसुद्धा उघडी. कुणीही घ्या, कुणीही सुधारा.

सुधारला कुणी नाही. चुका सगळ्यांनी काढल्या.

आलेले मेल तो ऑफिसात छापून आणायचा. मी अवरेकाई, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसायची, तो वाचून दाखवायचा.

आमच्याकडे पत्र आलं की आधी खुशाली. मला वाचता येत नाही, पण ऐकून एवढं ठाऊक आहे.

ह्या शिकलेल्यांना तेवढंही येईना. रामराम नाही, काही नाही, थेट सुरू: चालत नाही. कधी होणार? जमत नसेल तर ठेवलंत कशाला?

मी विचारलं, "हा तुझा साहेब का रे?"

"नाही आई. यूजर."

"मला वाटलं जावई."

खूप हसला होता.

त्यातलाच एक ळवाला. कागदावर छापताना ळ खालून कापला जातो, म्हणून रोज मेल. रोज.

मग रघूला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, अंथरुणातून उठायचं नाही. मी माझ्या लेकीला, म्हणजे श्रुतीच्या आईला, ळवाल्याला कळवायला सांगितलं की रघू आजारी आहे.

उत्तर आलं: गेट वेल सून. तरी अंदाजे तारीख सांगा.

ते ऐकून रघू उठलाच.

"स्वल्पच काम आहे, आई. बिचारा अडलाय."

"बिचारा तू आहेस," मी म्हटलं.

ऐकलं नाही. तीन दिवस बसला. मी ताक ठेवायची, तसंच उचलून आणायची.

चौथ्या दिवशी शुद्ध गेली. हॉस्पिटलातून परत आला नाही. ळ अर्धाच राहिला.

त्या माणसामुळे गेला असं मी म्हणत नाही. कावीळ होती. पण माझ्या लेकाचे शुद्धीतले शेवटचे तीन दिवस त्यानं नेले, मला एकही मिळाला नाही. आणि गेल्याचं कळवलं तर त्याचं उत्तर काय, ते वर सांगितलंच.

मी लेकीला म्हटलं, लिही, ळवाचून कुणी मरत नाही.

तिनं पाठवलं नाही. अजून राग आहे मला तिचा.

काल श्रुतीला विचारलं, तू हे मराठी कशावर टाइप करतेस गं? म्हणाली, असाच एक प्रोग्राम कुणीतरी फुकट ठेवलाय.

मी म्हटलं, त्याला मेल कर.

"काय बिघडलंय म्हणून लिहू?"

"काही नाही. जेवलास का, एवढंच विचार."

केला तिनं. उत्तर नाही आलं.

न येऊ दे. जेवत असेल.

रघू, आता कुणीही बोलावलं तरी उठू नकोस.

पडून राहा, राजा.

— तुझी आई