बिजलीबाई रडायले जाते

बोरी अरबच्या पल्याड, आमच्या गावाच्या शिवेले लागून एक तांडा आहे. त्या तांड्यातली बिजलीबाई राठोड रडायले जाते. पोट दुखते म्हणून नाही, का सुनेनं काही म्हटलं म्हणून नाही. कोणाच्या घरी लग्न असो का मयत, बिजलीबाई थैलीत एक ओढणी टाकून निघालीच समजा. आवतन नसलं तरी चालते, नातं नसलं तरी चालते. दारव्हा, दिग्रस तं सोडाच, पार पांढरकवड्याच्या पुढं तेलंगणाच्या सीमेपर्यंत ही बाई रडून आलेली आहे.

आमच्या गावातले पोट्टे म्हणायचे, "बुडी बुंदीसाठी जाते." हे तिच्या कानावर गेलं. तिनं भर चौकात येऊन सांगितलं, "बुंदी असली तं मी दोनदा रडीन. तुमच्या बापाचं काय जाते?"

एकदा एका तांड्यात माणूस गेल्याची खबर आली. बिजलीबाईनं दारातच सूर लावला. मेलेला मानूस दवाखान्यातून सकाळीच घरी आलता. तोच बाहेर आला अन् म्हणे, "बाई, च्या घे, मंग रड." तिनं च्या घेतला. वरून त्याले म्हणे, "आता झालेलं रडनं माघारी नाही घेता येत. तुह्या खात्यावर ठेव."

आता हे रडणं काय आहे ते सांगतो. तांड्यातल्या बाया गंज दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात. त्या सुरातच सगळी खबरबात येते. कोण मेलं, कोणाले पोरगी झाली, कोणत्या भावानं बहिणीले इचारलं नाही. लेक सासरी निघाली की तीही असंच रडते. त्याले ढावलो म्हणतात, अन् तो तिले तिची याडी शिकवते. याडी म्हणजे माय. म्हणून एका घरातल्या लेकींच्या रडण्याची चाल एकच असते. ते असते गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. मी आमच्या वऱ्हाडीत सांगून राह्यलो.

बिजलीबाईची धाकटी बहीण सोमली. तिचं लग्न सीमेपल्याडच्या एका तांड्यात झालं. पुढं तो तांडा धरणात गेला. त्यांचा बाप तिले भेटायले गेलता, तं तांड्याच्या जागी नुसतं पाणी. त्यानं काठावर बसून बिडी ओढली अन् घरी येऊन सांगितलं, "तथी कोनी नाही." लोकं कुठं उठून गेले, हे इचारायचं त्याले सुचलं नाही. तेव्हापासून सोमली हरपली ते हरपलीच.

बिजलीबाईचा भाचा देवीलाल हौशी मानूस. कापूस वेचाईची गडबड संपली की मोबाइल घेऊन बसते अन् खानदानाची वंशावळ जमवते. आजा, पणजा, खापरपणजा, त्याचे भाऊ, त्याचे बैल कोणत्या वाटेनं मीठ घेऊन जात, सगळं त्याच्यापाशी आहे. त्यानं एक डाव फुफीले ती वंशावळ दाखवली. फुफी म्हणजे आत्या.

तिनं बोट लावून लावून पाह्यलं. "याच्यात सोमली कुठी आहे?"

"फुफी, याच्यात पोरी नसतात ना. पोरी नवऱ्याच्या झाडावर जातात."

"तं मी कोनत्या झाडावर हाओ?"

देवीलालनं मोबाइल खिशात टाकला. मंग म्हणे, "तू उतर खाली, मी तुले हुडकून देतो बहीन." अन् खरंच लागला कामाले. पण सोमलीच्या नवऱ्याचं आडनाव चव्हाण का पवार, यावरच तांड्यातल्या म्हाताऱ्यांचं भांडण लागलं. त्यात सीमेपल्याड त्यांचेच लोक आडनाव भलतंच लावतात. देवीलालनं ग्रूपवर टाकलं, लोकांनी हात जोडलेले चित्र पाठवले. बस.

बिजलीबाई म्हणे, "तू मानसाच्या वाटेनं हुडकून राह्यला. मी बायांच्या वाटेनं जातो." तेव्हा आमच्या ध्यानात आलं की ही बाई येवढे दिवस रडायले काहून जाते. रडताना बाई आपल्या मायचं नाव घेते, माहेरच्या तांड्याचं नाव घेते. गळ्यात गळा घालून बिजलीबाई ते ऐकत होती.

यंदाच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याजवळच्या तांड्यात लग्न होतं. देवीलालनं गाडी काढली, मीही बसलो. नवरी बोलेरोत बसायले निघाली. तिच्या गळ्यात पडून तिची मामी रडत होती. चाळिशीतली बाई, सीमेपल्याडून आलती, नाव बबिता. अन् तिनं सूर काढला: "हंसा बैला, तू मांगं काहून नाही पाह्यलं रे? माह्या याडीचं दार तुले दिसलं नसतं का?"

डीजेवाला हसला. बोलेरोले कोणता बैल?

बिजलीबाई ताटावरून उठली. तिचा हात खरकटा होता. तिनं बबिताचं मनगट पकडलं. "हा हंसा कोनाचा बैल?"

"मले काय मालूम, बाई? माही याडी अशीच रडते."

"हंसा माह्या मायच्या वरातीचा बैल होता. माही माय अन् आम्ही दोघी बहिनी सोडून जगात कोनी त्याच्या नावानं रडलं नाही. तुह्या याडीचं नाव काय?"

"सोमली."

बिजलीबाई खाली बसली. तशीच, धुळीत. देवीलाल म्हणे, "फुफी, फोन लावू का?" बबिता म्हणे, "फोन ऐकू येत नाही तिले. दोन्ही कान गेले. जवळ तोंड नेऊन बोललं तं समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. बबिता पुढं बसून रस्ता दाखवत होती. बिजलीबाई वाटभर ओढणी नीट करत होती.

सोमली अंगणात बसून तूर पाखडत होती. हिच्यासारखंच नाक, हिच्यासारखीच बसायची ढब. बबितानं तिच्या कानाशी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, बिजलीबाईकडं पाह्यलं अन् म्हणे, "लय लवकर आली!"

बिजलीबाई तिच्या कानाशी वाकली. "तुले कोनी येऊ नको म्हटलतं का?"

"मले रस्ता कोन दाखवनार होतं? तू मोठी ना!"

मंग दोघी गळ्यात पडल्या. शेजारच्या बाया गोळा झाल्या. सोमलीनं सूर लावला, मोठ्यानं, बहिऱ्या मानसाचा: "बाई आली ये याडी, पन तू नाही आली. गुडघे दुखतात का तुहे? बाई, पुढच्या खेपीले माह्या याडीले गाडीत घालून आन. मी तिच्यासाठी लापशी करीन." बाई म्हणजे मोठी बहीण.

मी निंबाखाली उभा होतो. देवीलालनं माह्याकडं पाह्यलं. त्यांची माय जाऊन जमाना झाला, अन् इथं ती अजून जिती होती.

माहेरून येणारीनं उत्तर द्या लागते, असा रिवाज आहे. बाया वाट पाहून राह्यल्या. दहा तांड्यांचे मुडदे रडलेली बिजलीबाई, अन् तिच्या तोंडातून सूर निघेना. सोमलीनं तिची पाठ थापटली, चल म्हणून. तेव्हा तिनं सोमलीच्या कानाले तोंड लावलं अन् हळू आवाजात म्हटलं: "गाडीत कोनाले घालू ये सोमली? याडीले मी माह्या हातानं न्हाऊ घातलं. बापूले आधी, याडीले मागून."

सोमली बाजूले झाली. ओढणीनं नाक पुसलं.

"जाताना तिनं मले हाक मारली का?"

खोटं बोलायले कोणाची मनाई नव्हती. बिजलीबाई पुन्हा तिच्या कानाशी झाली अन् म्हणे, "नाही. तिची वाचा गेलती. मी मारली तुले हाक, तिच्या उशाशी बसून. सुरात."

 सोमली सरकून बहिणीच्या मांडीले मांडी लावून बसली, अन् चांगलं ऐकू येत असल्यासारखा कान तिच्याकडं केला.

"तं तेच रडनं मले ऐकव. सुरूपासून. मधात काही सोडू नको."

बिजलीबाईनं घसा साफ केला अन् आपल्या मायची मयत पुन्हा एकदा रडायले घेतली. आतमधी चुलीवर भाजी करपल्याचा वास सुटला. त्या अंगणातली एकही बाई उठली नाही.