वडाचा खड्डा

वर्डेल टिमन्सबाईंनी सकाळपासून छातीवरचा बिल्ला तीनदा चाचपून पाहिला. आज परीक्षा होती.

फ्लोरिडातल्या नदीकाठी एका नामांकित संशोधकाचं हिवाळी घर आणि बाग आहे. तिथं वर्डेलबाई बारा वर्षं पाहुण्यांना हिंडवत होत्या, तेही बिनपगारी. तरी वर्षातून एकदा तिथली अधिकारी ग्रेचेन कागद घेऊन त्यांच्या मागोमाग चालायची. ठरलेलं भाषण शब्दाला शब्द झालं पाहिजे. पदरचं काही घातलं की बिल्ला गेला. मागल्या वर्षी दोघांचा गेला होता.

आणि वर्डेलबाईंच्या पोटात नेमकं पदरचंच एक वाक्य बारा वर्षं पडून होतं. वय चौऱ्याहत्तर. आणखी किती दाबायचं?

"मिस वर्डेल, जरा सावकाश! लोक मागे राहतायत," ग्रेचेन मागून म्हणाली.

"पायांना सांग बाई, माझं ऐकत नाहीत आज."

प्रयोगशाळा झाली, बांबूचं बेट झालं. वडापाशी त्या थांबल्या. "हे झाड संशोधकांनी स्वतःच्या हातांनी लावलं," त्यांनी घोकलेलं म्हणून टाकलं. ग्रेचेननं कागदावर खूण केली.

ओहायोचा एक म्हातारा शेतकरी झाडाशेजारी लावलेल्या संशोधकांच्या जुन्या फोटोत डोकं घालून बघत होता. "या पांढऱ्या सुटात? बुटाला मातीचा कण नाही की हो! खड्डा कुणी खणला?"

सगळे हसले. वर्डेलबाईंना हसू आलं नाही.

"माझ्या आजोबांनी," त्या म्हणाल्या. "एफ्राइम टिमन्स. साहेब फक्त थंडीत यायचे. बाकीचे आठ महिने पाणी कोण घालत होतं, हे आजवर मला कुणी विचारलंच नाही."

ग्रेचेनचं पेन थांबलं.

फेरी संपल्यावर ती हळूच म्हणाली, "नियम मी केलेले नाहीत, मिस वर्डेल."

"ठाऊक आहे." बिल्ल्याची पिन ब्लाउजमध्ये अडकली होती. ती सोडवायला ग्रेचेननंच मदत केली. तेवढ्यात वर्डेलबाईंना रडू आलं, याचा त्यांना फार राग आला.

पुढचे सहा दिवस घरात त्यांचं चित्त लागेना. मंगळवारी त्या उठल्या, रविवारी चर्चला घालायची हॅट घातली, खिडकीवर तिकीट काढलं आणि पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या. माणसं कमी पडल्यामुळे फेरी ग्रेचेनच घेत होती. वडापाशी ती पोचली. "हे झाड संशोधकांनी स्वतःच्या..."

तिकीट काढलेल्या माणसाला प्रश्न विचारायला बंदी नव्हती. वर्डेलबाईंनी हात वर केला.

"ताई, खड्डा कुणी खणला?"