काळ्या दगडाच्या तळाशी

युरेनियम शोधणारी माणसं नगर जिल्ह्याकडे फिरकत नाहीत. कोपरगावपासून मिरजगावपर्यंत कुठंही खणा, काळाच दगड लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर साचत गेला आणि त्याखाली सगळं झाकलं गेलं. युरेनियमचं घर वेगळं. ते त्याहून कितीतरी जुन्या, फिकट गुलाबी-करड्या ग्रॅनाइटात. आपला भूखंड ज्या पायावर उभा आहे तोच तो खडक. आमच्या जिल्ह्यात तो पाया खोल कुठंतरी गाडलेला आहे. तरुणपणाची काही वर्षं मी दक्षिणेत त्या उघड्या ग्रॅनाइटवर चालण्यात घालवली आणि मग या काळ्या दगडात परत आले.

परत आले ती आईसाठी. आई मिरजगावला असायची. वडील गेल्यावर शेत तीच बघत होती. एक दिवस बांधावरच तिची उजवी बाजू लुळी पडली. धाकटा भाऊ नागापूरच्या कारखान्यात फिटर, शिफ्टमध्ये अडकलेला. मी तेव्हा पीएच.डी.च्या मध्यावर होते. ती सोडली, नगरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची नोकरी धरली आणि आईला माझ्याकडे आणलं. लोक याला त्याग वगैरे म्हणतात, ते मला पटत नाही. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. आणि युरेनियमचा नाद तर मी सोडलाच नव्हता.

हा नाद काय आहे ते थोडं सांगायला हवं. ग्रॅनाइट थंड होऊन घट्ट झाला तेव्हा त्यात युरेनियम होतं, पण चिमूटभर, सगळीकडे विखुरलेलं. गावजेवणाच्या कढईत चमचाभर मीठ पडावं तसं. त्याचा साठा व्हायचा तर कुणीतरी ते गोळा करून एका जागी आणायला हवं. ते काम पाणी करतं. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन नव्हता तेव्हा युरेनियमचे कण न विरघळता नदीच्या वाळूत गोट्यांसारखे घरंगळत असत. पुढं हवेत ऑक्सिजन आला, पाण्यात उतरला, आणि त्या पाण्यात युरेनियम विरघळू लागलं. मग ते खडकाच्या भेगाभेगांतून वाहत गेलं, आणि जिथं कार्बन किंवा गंधकाची खनिजं असलेला दगड आडवा आला तिथं खाली बसलं. म्हणून आम्ही शोधतो ते जुना ग्रॅनाइट, त्याच्या झिजलेल्या पाठीवर नंतर बसलेले थर आणि त्या दोघांच्या सांध्यातून गेलेल्या भेगा. दक्षिणेत असा सांधा मी बोटानं चाचपला आहे. खालचा खडक आणि वरचा खडक यांच्यामध्ये करंगळीएवढी जागा, आणि तेवढ्यात कोट्यवधी वर्षं हरवलेली.

कॉलेजातले एक सहकारी मला म्हणाले होते, "मॅडम, इथं बसून ग्रॅनाइटचा कसला विचार करता? इथल्या काळ्या बेसॉल्टवर काहीतरी करा, भराभर पेपर होतील." सल्ला व्यवहाराचा होता. मी मान हलवली आणि मनाशी ठरवलं, मला त्या खडकापर्यंत जाता येत नसेल, तर तो जिथं माझ्यापर्यंत वर आला असेल ती जागा शोधायची.

अशी जागा असू शकते. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांतच काही ठिकाणी तो गोठला. त्याच्या उभ्या काळ्या भिंती झाल्या. त्यांना आम्ही डाइक म्हणतो. संगमनेर-अकोल्याच्या बाजूला त्या डोंगरातून मैलभर पळताना दिसतात. वर येताना लाव्हा कधी कधी खालच्या खडकाचा लचका तोडून बरोबर आणतो. काळ्या दगडात अडकलेल्या त्या परक्या तुकड्याला मी पाहुणा म्हणते. खानदेशात असे पाहुणे सापडल्याचं मी वाचलं होतं. आपल्या जिल्ह्यात का सापडू नयेत?

मग रविवार ठरले. भाऊ सुट्टी बदलून घ्यायचा आणि आईजवळ येऊन बसायचा. मी सकाळची एसटी पकडायची. डाइक गाठायचा, त्याच्या कडेकडेनं चालायचं, हातोडीनं कपचा काढायचा, भिंगातून बघायचा. काळा. पुढं जायचं, परत कपचा. काळा. कित्येक हिवाळे आणि उन्हाळे हेच. संध्याकाळी दारात चपला काढताना भाऊ विचारायचा, "ताई, आजबी काळाच?"

"आजही काळाच."

तो हसायचा. पण पुढच्या रविवारी न चुकता हजर असायचा.

गेल्या वर्षी थंडी सरताना एसटीच्या खिडकीतून मला एका टेकडीला नवा घाव दिसला. पांढरी धूळ, खडी क्रशरचा आवाज, आणि घावाच्या मधोमध डाइकची काळी भिंत. पुढच्या फाट्यावर उतरले आणि उन्हातून मागं चालत गेले. खाण नवीच होती. सुरुंगानं फुटलेला दगडाचा ताजा उभा कडा समोर होता. डोंगरात वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेला दगड बाहेरून तांबूस होतो, आतलं काही दाखवत नाही. हा कडा मात्र नुकत्याच कापलेल्या कलिंगडासारखा स्वच्छ होता. मी एका टोकाकडून बघत निघाले. मधे पोचले आणि थांबले. खांद्याच्या उंचीवर, काळ्या दगडात, जेवणाच्या डब्याएवढा फिकट तुकडा. गुलाबी पट्टे, मधून काचेसारखे पांढरे दाणे, कडा वितळून काळ्यात मिसळलेल्या. मी त्यावर तळहात ठेवला. मी त्यात इतकी गुंतले होते की मागून आलेली पहिली हाक मला ऐकूच आली नाही.

"ओ मॅडम! कुनाला इचारून आत आलात?"

खाणीचा मालक होता. पन्नाशीचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेला, चेहऱ्यावर क्रशरची धूळ.

"तहसीलातून आलात का?"

"नाही. नगरला कॉलेजात शिकवते. हा दगड बघत होते."

"बघितला न्हवं? आता व्हा बाजूला. दुपारच्याला सुरुंग हाय हितं."

"सुरुंग उद्या लावा."

"का म्हनून?"

मी त्याला तो तुकडा दाखवला. म्हटलं, हा तुमच्या टेकडीचा नाही. फार खालून, लाव्ह्याबरोबर वर आला आहे. हा सगळा काळा दगड जन्मायच्या कितीतरी आधीचा आहे.

त्यानं जवळ येऊन बघितलं. "किमती हाय का?"

"बाजारात काहीच किंमत नाही."

"मंग कशापायी थांबू?"

त्याचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे सरकारी कागद नव्हता, द्यायला पैसे नव्हते. मी खरं तेच सांगितलं. "आपल्या पायाखाली काय आहे हे सांगणारा दगड मी किती वर्षं शोधतेय. जिल्हाभर फिरले, मिळाला नाही. हा खडी होऊन एखाद्या रस्त्यात गेला, तर मी परत कुठं शोधू?"

त्यानं माझ्या हातातल्या हातोडीकडे बघितलं. मग जेसीबीवाल्याला हात करून म्हणाला, "पलीकडच्या अंगाला घे रं." आणि मला म्हणाला, "आजचा दिस तुमचा. उद्याच्याला मी न्हाई थांबनार."

हातोडी आणि बारीक छन्नी घेऊन मी भिडले. ताजा डाइक म्हणजे लोखंड. छन्नी उडायची, हातांना झिणझिण्या यायच्या. तासाभरात तळहाताला फोड आले आणि दगडाचा एक कोपरा जेमतेम सुटला. भावाला फोन केला. "घण आणि मोठ्या छन्न्या घेऊन येशील का? पण आईजवळ कोण बसेल?"

फोनवर मागून आईचाच आवाज आला, "जा तू. मी काय पळून जातीय व्हय?"

शेजारच्या काकूंना बसवून भाऊ मोटरसायकलवर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कारखान्यात लोखंडाशी झुंजणाऱ्या त्याच्या हातांना घण नवा नव्हता. मी छन्नी कुठं लावायची ते दाखवायची, तो घाव घालायचा. शेवटी तुकडा भोवतालच्या काळ्या दगडासकट निघाला. त्याच कड्यात आणखी दोन लहान पाहुणे दिसले, तेही काढले.

माझ्याकडे पीएच.डी.च्या वेळी सरांनी दिलेलं गॅमा किरण मोजायचं यंत्र होतं. ते मी आधी काळ्या कड्याला लावलं, मग तुकड्याला. तुकड्यापाशी टकटक वाढली. क्रशरवरच्या एकानं विचारलं, हे काय मोजतं? मी सरळ सांगितलं, युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचे किरण. तो शब्द उच्चारला आणि पुढचं सगळं माझ्या हातातून गेलं. आम्ही दगड पोत्यात भरतोय तोवर गावातून माणसं यायला लागली.

"युरेनियम घावलं म्हनं!"

"म्हंजी आता जमिनी जानार सगळ्यांच्या."

एक बाई पुढं झाल्या. "ताई, आमची हीर ह्या टेकडीच्या पोटालाच हाय. पानी प्यावं का न्हाई?"

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, गाडीवर बस. निघू आपन."

मी नाही म्हटलं. अफवा मागं सोडून गेले असते, तर या गावात मला पुन्हा पाय ठेवता आला नसता. आणि त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं होतं. मी विचारलं, "गावात कुठं ग्रॅनाइटची फरशी आहे?" ग्रामपंचायतीच्या नव्या ऑफिसला गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या होत्या. म्हटलं, तिकडंच चला. दगडाचं पोतं घेऊन सगळी मिरवणूक तिकडं निघाली.

मी यंत्र पोत्यातल्या तुकड्याला लावलं. टकटक ऐकवली. मग तेच यंत्र पायरीवर ठेवलं. टकटक आणखी भराभर व्हायला लागली. मग खाणमालक मोठ्यानं हसला. "म्हंजी युरेनियम पायरीत हाय, आन आपन डोंगराला भितोय!"

"पायरीलाही भिऊ नका," मी म्हटलं. "सगळ्या ग्रॅनाइटात ते चिमूटभर असतंच. त्यानं काही होत नाही आणि त्यासाठी कुणी जमीनही घेत नाही. साठा निराळा. तसला साठा इथं मला दिसलेला नाही. या तुकड्यांनी तुमच्या विहिरीला काही होणार नाही. तरी मनात शंका असेल, तर पाणी बाटलीत भरून ठेवा, मी तपासून आणते."

त्या बाईंनी पुढच्या खेपेला खरंच बाटली भरून ठेवली होती. पाणी जड निघालं, बाकी काही नाही. खाणमालकानं नंतर, फिकट काही दिसलं की मला फोन करायचा पायंडा पाडला. त्यातले बरेच साधे चुनखडीचे डाग निघाले, पण आणखी एक चांगला पाहुणा त्याच्या फोनमुळेच मिळाला.

दगडाचा पातळ काप करून मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. प्रचंड दाबाखाली वाकलेले पट्टे, ओढून लांबट झालेले दाणे. जुन्या पायाचाच खडक. त्यात झिरकॉनचे कण होते. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं घेत नाही. पुढं युरेनियमचंच सावकाश शिसं होत जातं, आणि दोन्हींचं प्रमाण मोजलं की खडकाचं वय कळतं. जिथं मी पीएच.डी. सोडली होती तिथल्या त्याच सरांना फोन केला. इतक्या वर्षांनी. ते एवढंच म्हणाले, "पाठव."

उत्तर यायला कित्येक महिने गेले. आलं तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटी होते. ते कण आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी पटींनी जुने होते, मी दक्षिणेत ज्या ग्रॅनाइटवर चालले होते त्याच्या वयाच्या जवळपासचे. तो खडक तिथून इथपर्यंत सलग आहे असं यावरून म्हणता येत नाही. पण तसं विचारायला आता माझ्या हातात पुरावा होता. युरेनियम नेहमीच्या ग्रॅनाइटात असतं तेवढंच, चिमूटभर. मात्र एका तुकड्यात बारीक भेगा होत्या आणि त्यांत हिरवट खनिज भरलेलं होतं. लाव्हा यायच्या कितीतरी आधी तिथून पाणी वाहिलं होतं. त्यानं काय विरघळवलं, काय नेलं, कुठं ठेवलं, ते मला माहीत नाही. पीएच.डी.साठी मी पुन्हा नाव नोंदवलं आहे आणि विषय हाच घेतला आहे. माझ्याबरोबरच्यांची मुलं आता इंजिनिअरिंगला आहेत, त्याचं मला काही वाटत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती खाटेवर डाव्या हातानं शेंगा सोलत होती.

"मंग घावलं का युरेनियम?"

"नाही."

"मंग एवढी खूश कशानं?"

"खाली काय आहे ते कळलं, आई."

तिनं शेंग बाजूला ठेवली. "आपल्या मिरजगावच्या रानाखालीबी हाच दगड हाय का?"

"असावा. नक्की नाही सांगता येत."

"मंग बघ की," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

मिरजगावकडे डाइक माझ्या बघण्यात नाहीत. तिथं फार खोल छिद्र घ्यावं लागेल, आणि ते एकट्या मास्तरणीचं काम नव्हे. तसा प्रस्ताव मी लिहायला घेतला आहे. तो मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर अकोल्याच्या वाटेवरचा एक लांबलचक डाइक बघायचा राहिला आहे. भाऊ म्हणतो, या वेळी घण आधीपासूनच बरोबर ने. रविवारची एसटी साडेसहाला सुटते.