फक्कीच्या रेघा

काल मुलीच्या शाळेच्या मैदानावर कुणीतरी फक्की टाकत होतं, आणि त्या पांढऱ्या भुकटीच्या वासानं मी थेट नववीत गेले. आम्ही केडगावात राहायचो, वडील नागापूरच्या कारखान्यात कामाला. जिल्ह्याच्या खो-खो संघात माझी निवड झाली आणि वडील रोज पहाटे, कामावर जायच्या आधी, आमच्या मैदानावर पाणी मारून, सुतळी ताणून फक्कीच्या रेघा आखायला लागले. माझी खेळातली मजा मात्र त्या निवडीपासूनच गेली. जरा चुकलं की सराव घेणारे सर सगळ्यांसमोर वाटेल ते बोलायचे. पण त्या सरळ रेघा बघितल्या की खेळ सोडते म्हणायची हिंमत होत नसे. एका सकाळी मी मुद्दाम बाद झाले, लागोपाठ तीनदा. वडील कडेला उकिडवे बसून बघत होते. परतताना मोटारसायकलवर, मागं न वळता म्हणाले, "खेळू वाटंना व्हय?" त्यांच्या पाठीला डोकं टेकून मी रडले. "मंग ऱ्हाऊ दे की. त्यात रडायचं काय?" "आणि रेघा?" "त्या काय तुझ्या एकटीच्या हायेत? बाकीच्या पोरी न्हाईत का?" दुसऱ्या दिवशी मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले, वडील मात्र सुतळी घेऊन गेले, आणि वर्षभर जातच राहिले. काल संध्याकाळी केडगावला जाऊन त्यांना विचारलं, "तेव्हा माझा राग नव्हता आला?" म्हणाले, "आल्ता की, लई आल्ता. म्हनून तर जायचो. घरी बसलो असतो तर तुला बोललो असतो."