सवाष्ण पाहिजे

नवरा गेला की बाईकडे दोन गोष्टी साठतात. लोकांनी आणलेले डबे आणि लोकांनी ऐकवलेली वाक्यं. डबे मी घासूनपुसून परत केले. वाक्यं मात्र अजून येतायत, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीचं, ऋताचं, लग्न ठरलं तेव्हा तर त्यांना नुसता ऊत आला! कारण रत्नागिरीतल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "दारात जावयाला मीच ओवाळणार."

आमची स्टाफरूम तशी भलतीच पुरोगामी. निदान चहा येईपर्यंत.

*

एकदा 'विधवा' हा शब्द वाईट, यावर चर्चा रंगली. वाईट आहे हे लगेच ठरलं. मग म्हणायचं काय? मराठीचे जोगळेकर सर म्हणाले, "गंगा भागीरथी." विज्ञानाचे सर म्हणाले, "नद्या कशाला मध्ये? नुसतं श्रीमती." कुणी 'एकल महिला' काढलं. शेवटी हात वर करून मत घ्यायचं ठरलं.

मी कोपऱ्यात पेपर तपासत होते. म्हटलं, "अहो, मला विचारा की! मी बसल्ये ना इथे!"

"तुम्ही जरा थांबा बाई," जोगळेकर सर म्हणाले, "तुमच्याच भल्याचं चाललंय!"

*

संक्रांतीला मुख्याध्यापिका पटवर्धन बाईंनी जाहीर केलं, यंदा हळदीकुंकू सगळ्या भगिनींना, भेदभाव अजिबात नाही. टाळ्याबिळ्या झाल्या. माझी पाळी आली तशी बाईंच्या हातातली कोयरी हवेतच थांबली.

"तुम्हाला... चालतं ना?"

"मला शुगर आहे बाई. तिळगूळ चालत नाही. कुंकवाला डॉक्टरांची ना नाही!"

*

ऑफिसातल्या सावंतांची बायको वारली. गुणी बाई होती, आम्हाला सगळ्यांनाच चुटपुट लागली. पण वर्षश्राद्धसुद्धा झालं नव्हतं, तोवर सावंतांसाठी स्थळं निघाली. एक पालीचं, एक मालगुंडचं.

"एकट्या पुरुषाचे जेवणाचे फार हाल होतात हो!" पटवर्धन बाई कळवळल्या.

"मलाही एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो," मी म्हटलं. "पालीत कुणी चांगला असेल तर बघा."

त्या दिवशी माझ्याशेजारी कुणी डबा उघडला नाही.

*

लग्न जवळ आलं तसा दिरांचा फोन आला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण शुभकार्य आहे. दारात सवाष्ण पाहिजे."

वाईट वाटून घेऊ नका म्हटलं की हमखास वाईट वाटतं. फोन ठेवला आणि रडले, खोटं कशाला बोलू! बापामागे पोरीचं शिक्षण मी एकटीने पुरं केलं, आणि तिच्या लग्नात दारात उभी राहायला मीच नको!

पण पोरीच्या लग्नात वाद नको म्हणून हट्ट सोडला, आणि सवाष्ण म्हणून ठरली माझी नणंद सुमन. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवते. तिचे यजमान फार वर्षांपूर्वी 'कामानिमित्त' कल्याणला गेले आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसले. दिवाळीलासुद्धा फोन नाही. पण हयात आहेत! सौभाग्याला तेवढं पुरतं.

लग्न मांडवीच्या एका कार्यालयात. अख्खी स्टाफरूम नटूनथटून पहिल्या रांगेत. जावई दारात येऊन उभा राहिला. सुमनच्या हातात तबक, मी मागे खांबापाशी.

भटजी म्हणाले, "या, सवाष्ण पुढे या. यजमानांनाही बोलवा, जोडीने असलं की उत्तम."

दीर छतावरचा पंखा बघायला लागले. पटवर्धन बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

सुमन मागे वळली. तबक माझ्या हातात कोंबलं आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धर वहिनी, तूच ओवाळ. दादा असता तर सकाळपासून या दारात उभा असता. आमचे आहेत ना जिवंत! बघ, दिसतायत का कुठे?"