मुराळ्याला दिलेली चिठ्ठी

ती काचेची केबिन अजून माझ्या स्वप्नात येते, आणि स्वप्नात मी नेहमी चपला घालूनच आत शिरलेली असते. प्रत्यक्षात तसं कधी झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत कॉम्प्युटरच्या खोलीत कोणी चपला घालून जात नसे. सुरतजवळ पलसाण्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी ऑपरेटर होते, तिथे शेठसुद्धा दाराबाहेर बूट काढून आत येत. सगळ्या मिलमध्ये एसी त्या एकाच खोलीला होता, तोही माणसांसाठी नव्हे.

आम्ही भेस्तानला राहत होतो. वडील मराठी शाळेत मास्तर, घरात बोलणं अहिराणी, बाहेर गुजराती. बीकॉम झाल्यावर मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लगेच नोकरी लागली. काम सोपं होतं. कामगारांची जुनी जाड रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये चढवायची. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, सुरतेतला पत्ता, खातं. अर्ध्याहून जास्त कामगार आमच्या खानदेशचे, त्यामुळे गावांची नावं मला पुन्हा विचारावी लागत नसत. शेठना त्याचं फार कौतुक होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पासवर्ड टाकून घेतला आणि म्हणाले, “बेन, कोईने कहेवानो नहीं, हं!” झालं. मला शिंगंच फुटली. टाइप करताना मी कीबोर्डवर ओढणी धरायचे. दर सोमवारी पासवर्ड बदलायचे. मॅनेजरने एकदा विचारला तर त्यालाही दिला नाही. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही आणि मला त्याचा आनंदच झाला. आई म्हणायची, “उथळ पाण्याला खळखळाट फार.” मला वाटायचं, हिला काय कळतंय यातलं.

फोल्डिंग खात्यात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका होत्या. त्यांची नोंद करायला मी त्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावत असे. त्यांतली एक एकोणीस-वीस वर्षांची असेल. चपला बाहेर काढून आली, एसीच्या गारव्याने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खुर्चीच्या कडेवर बसली. नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, लिंबायतमधली खोली सांगितली. गाव विचारलं तेव्हा तिने दाराकडे पाहिलं.

“ताई, गावनं नाव नका टाकू ना.”

“काबर?”

“घरना लोकेस्ले माहीत पडी जाई.”

मला कळलं. जातीबाहेर लग्न करून पळून आलेली होती. सुरतेत अशी जोडपी काही कमी नव्हती. मी गावाची जागा कोरी ठेवून पाहिली, तर मशीनने टूं केलं आणि पुढे जाईना. आमच्या प्रोग्रामला कोरी जागा चालत नसे. मी तिथे काहीही टाकू शकले असते. सुरत टाकलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या नोंदी चोख असत, याचा मला कोण माज होता!

“कोरं चालस नही,” मी म्हटलं. “आणि घाबरू नको. आठे पासवर्ड शे.”

“पासवर्ड म्हंजे?”

“कुलूप. किल्ली फक्त मन्हाजोडे. कोनलेच दिसाव नही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या निळ्या पडद्याकडे, आणि गाव सांगून टाकलं. माझ्या आजोळापासून दोन कोसांवरचं गाव. नाव मी इथेही लिहीत नाही. मला आनंद झाला, म्हटलं, अगं तू तर माझी बहीणच निघालीस. ती पहिल्यांदा हसली. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत ती काचेतून हात हलवून जायची.

आखाजीच्या आठ दिवस आधी तो माणूस आला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे ती दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या मुलींना माहेरचा कोणीतरी आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की सासूसुद्धा मऊ होते. त्याला नाही म्हणायचं नसतं, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

पन्नाशीचा असेल. पांढरी टोपी, धुवट सदरा, हातात कापडी पिशवी. वॉचमनने त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण त्याची भाषा वॉचमनला समजेना. काचेबाहेर चपला काढून तो आत आला आणि माझं गाव विचारलं. मग वडिलांचं नाव, मग आजोळ, मग आजोळचे मामा. पाच मिनिटांत त्याने माझी सगळी ओळख काढली. माझ्या मामांच्या विहिरीवर तो पाणी प्यायलेला होता.

“आखाजीना मुराई शे मी, बेटा. भाचीले लेवाले उनू.” मग तिचं नाव सांगितलं. “व्हयनं ते व्हयनं. बापना राग आते उतरी गया. तिनी माय रडी रडी आंधयी व्हई चालनी.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही. पिशवीतून त्याने चार बिबड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. तिच्या आईने वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या, कडेला तीळ लावलेल्या.

मी म्हटलं, ती इथेच आहे, फोल्डिंग खात्यात, थांबा, बोलावते. मी उठलेसुद्धा होते. त्याने हात धरल्यासारखं केलं. “खातामा नको, बेटा. चार मानसंसमोर रडी पडी ती. मी घरच जास.”

मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला मशीन दाखवायचं होतं. रजिस्टरात अर्धा दिवस गेला असता. मी ओढणी धरून पासवर्ड टाकला, तिचं नाव टाइप केलं आणि दोन सेकंदांत ती पडद्यावर आली. “वा!” तो म्हणाला. इंग्रजी त्याला वाचता येईना, म्हणून मी एका कागदावर सुवाच्य मराठीत लिहून दिलं. लिंबायत, गल्लीचा नंबर, पिठाच्या गिरणीमागचा जिना, वरची खोली. हरवू नये म्हणून कडेला बाण काढून छोटा नकाशाही काढला. तिच्या खात्यापासून माझी केबिन चाळीस पावलांवर होती. ती दुपारी नेहमीसारखी हात हलवून गेली आणि मी तिला काही बोलले नाही. तिचा आनंद मला बिघडवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, गेली असेल माहेरी, आखाजीच्या झोक्यावर बसली असेल. बिबड्या आम्ही घरी भाजून खाल्ल्या.

चौथ्या दिवशी तिचा नवरा आला. लूमवर काम करणारा, किडकिडीत, डोक्यावर कापसाचे तंतू तसेच. चपला काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि मीही त्याला हटकलं नाही. त्याने सांगितलं ते असं. तो कामावर असताना दोन पुरुष आणि एक बाई जीपने आले. शेजारणीने पाहिलं. बाईने हिचं तोंड पदराने दाबून धरलं होतं. एकाच्या हातात चिठ्ठी होती, ती शेजारणीला दाखवून त्यांनी खोली विचारली आणि ते जिना चढले. पोलिसांनी सांगितलं, माहेरच्यांनी नेली त्यात गुन्हा कसला?

“ताई,” तो म्हणाला, “पत्ता आठून तं नही गया ना?”

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. पत्ता नेणारा माणूस माझ्या मामांना ओळखत होता, कसा दिसत होता, ते सांगितलं असतं, तर कदाचित काही हाताला लागलं असतं. माझी नोकरी, वडिलांची अब्रू, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. भीती वाटली. “आठून? नही,” मी म्हटलं. “आठे पासवर्ड शे.”

“मालेबी तेच वाटनं. ती सांगे, ताईनी कुलूप लायेल शे.”

मग तो म्हणाला की चिठ्ठीतलं अक्षर चांगलं होतं, शेजारणीने सांगितलं. त्यांना आसरा देणारा मित्र दहावी शिकलेला होता. पत्ता त्यालाच ठाऊक, अक्षरही त्याचंच चांगलं. चिठ्ठी त्यानेच दिली असं समजून याने त्या मित्राला भर गल्लीत मारलं होतं. त्याची खोली सोडली होती. हे सांगताना तो रडला, आणि मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. यापेक्षा नीच काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

सोडून गेलेल्यांची नावं महिन्याच्या शेवटी काढून टाकायची असत. तिचं मी काढलं नाही. रोज सकाळी पासवर्ड टाकला की पहिलं तिचं नाव टाइप करायचे. दोन सेकंदांत ती यायची. नाव, नवरा, गाव, खोली. मग मी पडदा पुसून कामाला लागायचे. जेवणाच्या सुट्टीत काचेकडे पाठ करून बसायला मी तेव्हापासून शिकले.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा मामीला सहज विचारावं तसं विचारलं. त्या गावातल्या अमक्यांची मुलगी, आखाजीला आणली होती ना, कशी आहे? मामी कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“त्या घरले पोर नव्हतीच, बाई,” ती म्हणाली. “तसंच सांगतस आते ते. गावबी तसंच सांगस. तू विचारू नको.”

मी पुन्हा विचारलं नाही.

सुरतेला परतल्यावर पंधरा दिवसांनी तिचा नवरा पुन्हा आला. या वेळी दाराबाहेर चपला व्यवस्थित काढून. सुरत सोडून चाललो म्हणाला, दुसऱ्या गावी लूमवर काम मिळालंय. तिथला पत्ता त्याने मला सांगितला आणि लिहून घ्यायला लावला.

“ती कवय ना कवय परत ई,” तो म्हणाला. “खोलीवर कोनी नही, दोस्तवर माना भरोसा नही. ती तुम्हनाजोडेच ई, ताई. फक्त तिलेच द्या. दुसरा कोनले सांगू नका.”

मामी काय म्हणाली ते मला तेव्हा ठाऊक होतं. मी मान खाली घालून त्याचा पत्ता लिहून घेतला, आणि बरोबर लिहिलाय ना, म्हणून त्याला एकदा वाचून दाखवला.